स्लॅबवरून गेलेल्या तारा

माझा धाकटा दीर प्रफुल बिनकामाचा आहे, असं देवळीत अर्धे लोक म्हणतात. उरलेले अर्धे त्याला लबाड म्हणतात. दोघांच्याही घरी मी चहा प्यालेली आहे, त्यामुळं तोंडावर काही बोलता येत नाही. म्हणून इथं लिहिते. तो लबाड कधीच नव्हता आणि बिनकामाचा तर मुळीच नव्हता. त्याची खोड एकच, भिडस्तपणा. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. माझ्या लग्नात हा दीर पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मला ते आठवलं होतं. पंगतीत वाढप्यानं त्याचं ताट चुकवलं तर हा पोरगा नुसत्या मिठाकडे बघत बसला, पण भात मागितला नाही.

नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात त्याला चांगली नोकरी होती. मालकाचा त्याच्यावर जीव होता. ती सोडून तो गावी आला आणि मला म्हणाला, "वयनी, देवळीत घरोघरी इंटरनेट देतो मी." आमच्या यांनी कपाळाला हात लावला. तेव्हा गावात नेट म्हणजे टेलिफोनवरून किर्र किर्र करत लागणारं. लागलं की घरचा फोन बंद, आणि फोन आला की नेट बंद. प्रफुलनं आमच्या स्लॅबवर लोखंडी खांब उभा केला, वर्ध्याहून हवेतून येणारी लाइन त्यावर उतरवली आणि तिथून शेजारच्या स्लॅबवर, तिथून त्याच्या शेजारच्या, अशा तारा ओढत गेला. रस्त्यात खांब नाही, खड्डा नाही. ज्याचा स्लॅब त्याची मर्जी, एवढाच कायदा. तारा जिथं मिळायच्या तिथं त्या घराच्या जिन्यात विजेवर चालणारी एक छोटी डबी ठोकायची. एका तारेतून आलेलं ती बाकीच्या तारांमध्ये पुढं ढकलायची.

उन्हाळ्यात स्लॅबवर कुरडया, पापड, मिरच्या वाळत असायच्या. वाळवणात पाय टाकणाऱ्याला आमच्याकडच्या बायका सोडत नाहीत. पण प्रफुलला कुणी हटकलं नाही. तो चपला खाली काढायचा, कडेकडेनं जायचा आणि ढग दाटले तर तार टाकून लोकांच्या कुरडया गोळा करू लागायचा. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "आधी तारा, मंग वरात." टेलिफोनवाल्यांचं मोठं इंटरनेट देवळीत येणार अशी आवई उठली होती. ते यायच्या आत गावाचा विश्वास बसला तर याचं नेटवर्क टिकेल, नाहीतर खेळ खलास. हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

आता पुंडलिकराव आणि बापूराव यांच्याबद्दल सांगते. सख्खे भाऊ. बाजारात धान्याची दुकानं शेजारी शेजारी आणि घरांच्या मधे एकच भिंत. ती भिंतही नंतर घातलेली. पोळ्याला तोरणाखाली घरची बैलजोडी कुणी न्यायची, या मानावरून दोघांचं बिनसलं. मी थोरला, असं पुंडलिकराव म्हणाले. जोडी वर्षभर मी सांभाळतो, असं बापूराव म्हणाले. बैल बिचारे झूल पांघरून उन्हात उभे. त्या संध्याकाळी वाटणीची भाषा सुरू झाली, दिवाळीपर्यंत अंगणात भिंत उभी राहिली आणि एका ताटात जेवणाऱ्या दोन पोरी, थोरल्याची प्रेरणा आणि धाकट्याची गुंजन, भिंतीच्या दोन अंगांना गेल्या. एकमेकींशी बोलायचं नाही, असा दोन्हीकडून हुकूम.

पुंडलिकरावांनी नेट घेतलं म्हणून आठवड्यात बापूरावांनीही घेतलं. पण दोघांची अट एकच होती. पुंडलिकराव म्हणाले, "त्याच्या स्लॅबवरून आलेली तार माह्या घरात नाई पाह्यजे." बापूरावही अक्षर न बदलता तेच म्हणाले. शेजारच्या स्लॅबवर उडी मारून काम झालं असतं, पण प्रफुल कुणाला नाही म्हणेल तर शपथ. त्यानं पुंडलिकरावांना बाजारगल्लीतून तार दिली आणि बापूरावांना मागच्या गल्लीनं, अर्ध्या वस्तीला वळसा घालून, आणि दोन्ही घरांत एकेक डबी ठोकली. वर आणखी बाजाराकडे जाणारी मुख्य तार पुंडलिकरावांच्याच स्लॅबवरून न्यावी लागली, तेवढी त्यांनी मेहरबानी केली. आपल्या तारा एकमेकांपासून तोडलेल्या आहेत, अशी दोन्ही घरांची समजूत झाली.

काही महिने बरे गेले. मग भानगड सुरू झाली. संध्याकाळी गिऱ्हाइकीच्या वेळी, म्हणजे सगळे दुकानदार दुकानात असताना, गावभरचं नेट एकदम बसायचं. हळू व्हायचं नाही, बसायचंच. दिवे लागून थोडा वेळ झाला की आपोआप चालू. हरिदास झेरॉक्सवाला कॉलेजचे फॉर्म नेटवरून भरून द्यायचा. त्याच्या दुकानात पोरांची रांग आणि पडद्यावर नुसतं घड्याळ फिरतंय. तो आमच्या दारात येऊन ओरडला, "प्रफुलभाऊ, फॉर्माची तारीख गेली तं लेकरायले काय सांगू? तुमचं नेट झोपलं म्हून सांगू?" प्रफुलनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्यानं सगळे उपाय केले. घरोघरी जाऊन कॉम्प्युटरमधले व्हायरस काढले. वानरांनी तारा चावल्या असतील म्हणून तारा बदलल्या. बाजारातल्या डब्या बदलल्या. काही फरक नाही. एकेक घर नेट बंद करा म्हणू लागलं. त्याचं जेवण तुटलं. मी ताट वाढून हाक मारली तर वरच्या खोलीतून "आलो वयनी" यायचं, माणूस यायचा नाही.

शेवटी त्यानं वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घातलं. तारेतून जाणारं सगळं पकडून दाखवणारं. मी चहा घेऊन गेले तेव्हा पडद्यावर ओळींमागून ओळी पळत होत्या.

"हे काय आहे भाऊजी?"

"तारेतून जे जाते ते लहान लहान पुडक्यायत जाते, वयनी. पुडक्यावर कोनाकडून निंघालं, कोनाकडे चाललं, ते लिहिलेलं राह्यते. नेट बसते तवा तारेत कोन्ती पुडकी भरून राह्यते, ते पाहून राह्यलो."

मी उभीच होते. बाहेर संध्याकाळ होत होती. एकाएकी त्या ओळी वेड्यासारख्या पळायला लागल्या आणि प्रफुल खुर्चीत सरळ झाला. त्यानं पळणं थांबवून ओळी वाचायला घेतल्या. वरपासून खालपर्यंत एकच ओळ. तीच, तीच, तीच.

"येकच पुडकं आहे," तो म्हणाला. "येकदा निंघालं आनि हजारदा येऊन राह्यलं." मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि मलाही ते समजलं, म्हणजे बघा. काही पुडकी एकाच्या नावाची नसतात, सगळ्यांना मारलेली हाक असते. डबीला हाक ऐकू आली की ज्या तारेतून आली ती सोडून बाकी सगळ्या तारांत ती हाक मारते. तारा झाडाच्या फांद्यांसारख्या असल्या तर हाक टोकाला जाऊन संपते. पण दोन फांद्यांची टोकं कुणी एकमेकांना जोडली, की हाक गोल गोल फिरत राहते. तिच्या जोडीला दुसरी, तिसरी. सगळी तार तिनंच भरून जाते आणि बाकी कुणाला वाट मिळत नाही.

"म्हणजे कुणीतरी तारेला तार जोडली?"

"हो," तो म्हणाला. मग पुडक्यात काय आहे ते बघायला त्यानं ते उघडलं आणि क्षणात बंद केलं. कानापर्यंत लाल झाला. "सापडते आता," एवढंच म्हणाला आणि मला खाली पाठवलं.

आत काय होतं ते त्यानं मला पुष्कळ पुढं सांगितलं, पण गोष्ट कळावी म्हणून इथंच सांगते. आत इंग्रजी अक्षरांत आमच्या बोलीतलं वाक्य होतं, "प्रेरणा, आहे का तू?" गुंजननं पाठवलेलं. तारेनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर गप्पा मारायचं एक फुकट सॉफ्टवेअर तेव्हा पोरापोरींत चालायचं. त्याची रीत अशी की बोलणं एकीशी असलं तरी हाक सगळ्यांना मारायची. बाप दुकानात गेले की या दोघी आपापली डबी चालू करायच्या आणि बोलत बसायच्या. बाप यायच्या वेळी बंद. त्यासाठी गुंजननं वर्ध्याहून तयार तार आणली होती आणि पाण्याच्या टाकीमागून, भिंतीवरून, डबीपासून डबीपर्यंत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रफुल स्लॅबोस्लॅबी फिरला. पुंडलिकरावांची तार काढली की नेट मोकळं. ती लावून बापूरावांची काढली, तरी मोकळं. दोन्ही लावल्या की जाम. वेढा कुठं आहे ते दिसलंच.

आणि त्या पोरींना तारेची गरजच नव्हती. दोघींची घरं आधीपासून प्रफुलच्याच तारांनी जोडलेली होती, बाजारगल्ली आणि मागच्या गल्लीवरून. नुसतं सॉफ्टवेअर चालू केलं असतं तरी हाक पोचली असती. पण तारा दोन वाटांनी आल्या म्हणून बापांनी घरं वेगळी मानली, आणि बापांचं पोरींनी खरं धरलं. हे एक वाक्य त्यांना सांगितलं की काम झालं असतं. ताई, तार काढून टाका, तिच्यावाचून चालते.

ते त्यानं सांगितलं नाही. कारण सांगायचं तर तुला कसं कळलं, हे यायचंच. दोन तरण्या पोरींचं आपसातलं बोलणं हा माणूस वरच्या खोलीत बसून वाचतो, हे गावात एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायला वेळ लागत नाही. पण गावापेक्षा त्याला त्या पोरींचीच लाज वाटत होती. नेट बसायचं कारण शोधताना त्याच्या डोळ्यांसमोरून त्यांचं बरंच बोलणं गेलं होतं. काय गेलं, ते त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही.

मग त्यानं भिडस्ताचा उपाय काढला. बाजारगल्लीतल्या डबीतून पुंडलिकरावांच्या तारेचं टोक हळूच काढून ठेवलं. वेढा तुटला. पुंडलिकरावांच्या घरी नेट चालूच राहिलं, फक्त ते आता बापूरावांच्या घरातून, पोरींच्या तारेतून येऊ लागलं. दोन्ही घरी सांगून आला, "डबी बंद करू नोका, चोवीस तास चालू राहू द्या." दोघांनी ऐकलं. सगळ्या गावाचं नेट झुळझुळ चालायला लागलं. हरिदास पेढे घेऊन आला. सोडून गेलेली घरं परत आली. पवनारच्या एका मुलीचं स्थळ आलं होतं, ते बघायला प्रफुल आपण होऊन तयार झाला. घरात इतक्या दिवसांनी त्याला शिट्टी वाजवत जिना उतरताना मी ऐकलं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग बारावीच्या निकालाचा दिवस आला. प्रेरणाचा निकाल नेटवर लागणार होता. आणि बापूराव सगळ्यांना घेऊन कारंजाला लग्नाला गेलेले, जाताना घराचा मेन स्विच बंद करून. पुंडलिकरावांच्या घरी नेट नाही. शेजारी सगळीकडे आहे, यांच्याकडेच नाही. प्रफुल सामान आणायला वर्ध्याला गेला होता. पुंडलिकराव तापट, तसेच हुशार. घरात येणारी तार हातात धरून ते स्लॅबोस्लॅबी बाजारगल्लीतल्या डबीपर्यंत गेले आणि तिथं त्यांना आपल्या तारेचं टोक लोंबताना दिसलं. मग इतके दिवस घरात नेट येत कुठून होतं? परत आले, आपल्या डबीतली दुसरी तार धरली आणि टाकीमागं जाऊन पोचले थेट भावाच्या स्लॅबपाशी.

प्रफुल बसमधून उतरून गल्लीत शिरला तेव्हा पुंडलिकराव ती तार हातात घेऊन उभे होते. भोवती गल्ली जमलेली. मीही धावत गेले. दारात प्रेरणा उभी होती, तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"ही तार कोनं टाकली?"

प्रफुलनं एकदा दाराकडे पाहिलं. "मी," म्हणाला.

"काऊन?"

"तुमची तार खराब झालती. इकडून जवळ पडलं."

"त्याच्या घरचं माह्या घरात आनलं तू? माह्या मीठ-भाकरीत त्याचा हात लावला? मी तुले काय सांगतलं होतं?"

मला तेव्हा पोरींचं काहीच माहीत नव्हतं, तरी हा खोटं बोलतोय एवढं मला कळलं. मी म्हणाले, "भाऊजी, नीट सांगा की!" त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. पुंडलिकराव पकड घेऊन वर गेले आणि त्यांनी बाजाराकडे जाणारी मुख्य तारच तोडली. निम्मं गाव तिथंच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी बापूराव परतले आणि त्यांनी गल्लीत उभं राहून विचारलं, "माह्या घरातून त्याले देल्लं? मले न पुसता?" त्यांनीही तारा तोडल्या. इतक्या वर्षांत दोघा भावांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर. दोन्हीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांनी आपापले स्लॅब बंद केले. एकाच्या घरचं दुसऱ्याच्या घरात सोडणारा माणूस, असं त्याचं नाव झालं. स्लॅब नाही तर तार नाही, तार नाही तर नेटवर्क नाही. पावसाळ्याच्या आत सगळं संपलं, आणि दिवाळीला टेलिफोनवाल्यांचं नेट आलं. दोन्ही भावांनी ते पहिल्या झटक्यात घेतलं. पवनारच्या मुलीचं मग काही कळवणं आलं नाही.

उरलेल्या तारा गोळा करायला मी त्याच्यासोबत गेले होते, कारण एकट्याला लोकांनी स्लॅबवर चढू दिलं नसतं. तार गुंडाळता गुंडाळता मी त्याला फैलावर घेतलं आणि तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. मी तोंडात येईल ते बोलले. तो तार गुंडाळतच म्हणाला, "वयनी, पोरीयचं वाचलं, हे कोन्त्या तोंडानं सांगू त्यायले?" खरं सांगायचं तर मला ते पटलंही. गेलं ते गेलं, पण पोरींची अब्रू राखली, असं मी मनाला समजावलं, आणि त्यानंही समजावलं असणार. पुढची वर्षं आम्ही त्याच एका आधारावर काढली.

आता तो बसस्टँडजवळ दुसऱ्याच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. रिचार्ज मारतो, कव्हर विकतो. लग्न केलं नाही. नेट बसलं तर लोक टेलिफोनवाल्यांना शिव्या देतात, तो ऐकतो.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले होते. कडेवर लेकरू घेऊन एक बाई रिचार्जला आली. प्रेरणा. कारंजाला दिलीय तिला. बसला वेळ होता. इकडचं तिकडचं झालं आणि ती हळूच म्हणाली, "प्रफुलभाऊ, त्या दिवशी तुमी आपल्यावर घेतलं. माह्या तोंडून शब्द निंघाला नाई. गुंजन आनि मी फोनवर बोलतो आता, दर वेळी तुमचा विषय निंघते."

"ठीक आहे," तो म्हणाला.

"पन तार आमची आहे, हे तुमाले समजलं कसं?"

प्रफुलनं काउंटरची काच फडक्यानं पुसली. मग इतक्या वर्षांनी ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं. "तुमचं बोलनं माह्या मशीनवर दिसे. मी वाचलं होतं."

मला वाटलं ती पाठ फिरवेल. ती हसली.

"ते आमाले माहीतच होतं, भाऊ! गुंजन तं पहिल्याच दिवशी म्हने, हे सगळं प्रफुलभाऊले दिसत असन. मी म्हटलं, दिसू दे. प्रफुलभाऊ कोनाले सांगत नाई." लेकराला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, "तुमी नुसतं तार काढा म्हटलं असतं, तं त्याच घडीले काढली असती."

तिची बस लागली. ती मलाही नमस्कार करून लगबगीनं गेली. प्रफुल तिच्या पाठीकडे बघत होता, बस वळून दिसेनाशी झाली तरी बघत होता.

"वयनी," तो म्हणाला, "त्यायले माहीत होतं."

इतकी वर्षं मी पुंडलिकरावांना बोल लावत आले, घरात, मनात, देवासमोरसुद्धा. त्या दिवशी त्या दुकानात उभी राहून मला कुणावरच रागावता येईना, आणि त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. त्यानं तो धरला, आणि तसाच धरून बसला.